टाके पिकले, दोष भाताला

पहिल्या मुलीच्या वेळी माझे सिझरचे टाके पिकले, तेव्हा घरात सगळ्यांना कारण ठाऊक होतं. आईच्या मते मी सहाव्या दिवशी माठातलं गार पाणी प्यायले. सासूबाई फोनवरून म्हणाल्या, भात दिला असेल, भातानं पू धरतो. आत्यानं वांग्याच्या भाजीवर आळ घेतला. ती मी खाल्लीच नव्हती, पण खाल्ली असणारच, असं तिचं म्हणणं. मालिशवाल्या मावशींनी तर निकालच दिला, "पोरगी लय हालती. बाळंतिणीनं कसं, एका कुशीवर पडून ऱ्हावं."

कारणं चार, आणि चारही माझ्याकडे बोट दाखवणारी.

मी पतसंस्थेत कॅशियर आहे. संध्याकाळी तिजोरीत पाच रुपये कमी भरले तरी कुठल्या नोंदीत चुकलं ते सापडेपर्यंत उठत नाही. टाक्यांच्या बाबतीत मात्र हिशोब न तपासताच मी चूक मान्य केली. पाच वर्षं ती माझ्या नावावर होती.

ते बाळंतपण माहेरी झालं, २०१७ च्या जुलैत. कृष्णाकाठचं गाव, आठ-आठ दिवस उन्हाची तिरीप नाही. रात्री अकराला पाणी गेलं. दवाखान्यात पोचलो तेव्हा कळा नावालाच होत्या, म्हणून सलाईनमधून कळांचं औषध सुरू केलं. त्यानंतर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मला आतून किती वेळा तपासलं, त्यातलं आठव्यापर्यंतचं आठवतं. पुढचं मोजलं नाही. कधी सिस्टर, कधी शिकाऊ मुलगी, कधी डॉक्टर. पिशवीचं तोंड किती उघडलंय हे प्रत्येकाला स्वतः बघायचं होतं. तीनच्या सुमारास डॉक्टर म्हणाले, बाळानं आत शी केलीय, आता थांबता येणार नाही.

मग सगळी पळापळ. एक आया रेझर घेऊन आली आणि घाईघाईत पोटाखालचे केस खरवडून गेली. दोन ठिकाणी चिरलं, बारीक रक्त आलं. "काय न्हाय हुत," ती म्हणाली. मलाही वाटलं, आता एवढं पोट कापणार आहेत, या दोन ओरखड्यांचं काय घेऊन बसायचं.

तीन चाळीसला मुलगी झाली. पाचव्या दिवशी आम्ही घरी आलो.

घरी बाळंतिणीची खोली आईनं महिनाभर आधीच तयार ठेवली होती. खिडकी बंद, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, ओवा आणि बाळंतशेपांची धुरी. पोट सुटू नये म्हणून जुन्या नऊवारीची घट्ट पट्टी, छातीखालपासून पार टाक्यांच्याही खालपर्यंत. परकर पावसानं वाळायचे नाहीत, दमटच नेसायचे. मावशी सकाळी येऊन तेल रगडायच्या. त्यांचा हात फार चांगला होता हे खोटं कशाला सांगू, पाठ मोडून आल्यासारखी दुखायची ती त्यांच्यामुळंच थांबली. पण तेल ओघळून टाक्यांवर जायचं. वर त्या स्वतः घरून आणलेली खोबरेलातली हळद बोटानं लावायच्या. जखमेला हळद लावतात, त्यात वावगं कुणाला वाटणार?

सातव्या दिवशी आशाताई आल्या. बाळाचं वजन झालं, नाळ बघितली, मग मला म्हणाल्या, "तुमचं अंग का गरम लागतंय?" थर्मामीटर लावला, १००.८. टाके दाखवा म्हणाल्या. पट्टी सोडली तर डावीकडचं टोक लाल, टणक आणि हात लावू न देणारं. "आजच दाखवून या," असं त्या दोनदा म्हणाल्या. पण त्या गेल्यावर घरात ठरलं की दूध उतरताना येतोच असा ताप. दोन दिवस गेले. नवव्या दिवशी पहाटे परकर ओला लागला. बाळानं केली असेल म्हणून हात लावला, तर पिवळं, चिकट आणि त्याला वास.

दवाखान्यात त्या टोकाचे तीन टाके काढले. बोटानं दाबल्यावर जे बाहेर आलं ते बघून माझी आई खुर्चीत बसली. पू तपासायला शहरात पाठवला. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, स्टॅफिलोकोकस ऑरियस. आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या नाकात, कातडीवर राहणारा, एरवी निरुपद्रवी असणारा हा जंतू. रिपोर्टप्रमाणे गोळी बदलली. मग रोज सलाईननं धुणं आणि जखमेत गॉज भरणं सुरू झालं. मी म्हटलं, वरून शिवून का टाकत नाही? तर जखम तळापासून भरत वर यायला हवी, वरून मिटवली की आत पू कोंडतो, असं ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरनी सांगितलं. बावीस ड्रेसिंग झाली. तेवीस नाही, एकवीस नाही, मी भिंतीवरच्या कालनिर्णयवर काट मारत होते. त्यानंतर पुन्हा टाके. बारसं पुढं ढकललं. मुलीला कुशीवर पडूनच पाजायचं, आणि तिनं लाथ मारली की डोळ्यांपुढं काजवे. त्या दिवसांविषयी एवढंच पुरे.

दुसऱ्या वेळी दिवस राहिले ते २०२२ मध्ये, पुण्यात. पहिल्याच भेटीत डॉक्टर मॅडमनी मागचं विचारलं. मी म्हटलं, "माझ्या अंगाला टाके सोसत नाहीत."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "असं कुणी सांगितलं?"

मी भातापासून सुरुवात केली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, कागद आहेत का काही. कागद होते. मेडिक्लेमसाठी दवाखान्यातून इनडोअर पेपरांची झेरॉक्स घेतली होती, ती मी फाइलला लावलेली. त्यात काय लिहिलंय ते मी पाच वर्षांत एकदाही वाचलं नव्हतं. दुसऱ्यांचे कर्जाचे कागद पान न् पान वाचते, हे मात्र नाही.

मॅडम एकेका ओळीवर बोट ठेवत गेल्या. पाणी गेलं रात्री अकराला, चीर दिली दुपारी साडेतीनला, म्हणजे साडेसोळा तास. पाणमोट फुटली की खालच्या जंतूंना वर जायला वाट मोकळी होते, आणि प्रत्येक आतल्या तपासणीबरोबर ते वर ढकलले जाऊ शकतात. कळांमधून धावपळीत केलेलं सिझर, ठरवून केलेल्यापेक्षा त्यात जोखीम जास्त. हिमोग्लोबिन ९.१. वजन जास्त. साखर त्या वेळी तपासल्याची नोंदच नाही. आणि शेवटी त्यांनी एका वेळेभोवती पेन्सिलीनं गोल केला, अँटिबायोटिकचं इंजेक्शन, चार वाजून पाच मिनिटं.

"मुलगी कधी झाली?"

"तीन चाळीसला."

हिशोब माझाच प्रांत होता, तो लगेच लागला. चीर देऊन पस्तीस मिनिटांनी, बाळ बाहेर येऊनही पंचवीस मिनिटं उलटल्यावर औषध दिलं होतं. मॅडमनी सांगितलं, पूर्वी तशीच पद्धत होती. औषध बाळात उतरू नये म्हणून नाळ कापल्यावर द्यायचे. पुढं तुलना करून बघितल्यावर लक्षात आलं, की चिरेच्या आधी दिलं तर आईला जंतुसंसर्ग कमी होतो आणि बाळाचं त्यामुळं काही बिघडत नाही. कातडी कापली जाते त्या क्षणी औषध तिथल्या रक्तामांसात पोचलेलं असायला हवं. चोर आत शिरल्यावर कुलूप लावण्यात अर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्येच चिरेआधी द्या असं सांगितलं होतं. माझं सिझर त्यानंतर दोन वर्षांनी झालं.

"म्हणजे त्यामुळंच झालं का?"

"तसं मी म्हणणार नाही. नेमकं कशानं झालं हे आज कुणालाच सांगता येणार नाही. घरचं तेल-हळदही त्यात धरा. पण या यादीत तुमच्या हातात होतं असं काय होतं, ते तुम्हीच मला दाखवा."

मी गप्प बसले. रिक्षात रडले. मग घरी येऊन शंभर पानी वही काढली.

पुढच्या महिन्यांत मी बरंच वाचलं. त्यात व्हिएन्नाच्या सेमेलवाइस या डॉक्टरची हकिकत डोक्यातून गेली नाही. तिथल्या मोठ्या दवाखान्यात बाळंतिणींचे दोन विभाग होते. डॉक्टर आणि विद्यार्थी असलेल्या विभागात बाळंतज्वरानं खूप बायका मरायच्या, सुइणींच्या विभागात कितीतरी कमी. बायका पहिल्या विभागात घालू नका म्हणून हातापाया पडायच्या. कारणं तिथंही तयार होती. वाईट हवा, बायकांची भीती, परपुरुषानं तपासलं म्हणून वाटणारी लाज. घंटा वाजवत येणाऱ्या पाद्र्याला बघून त्या घाबरतात, हेसुद्धा त्यानं तपासून पाहिलं. प्रत्यक्षात डॉक्टर शवविच्छेदन करून त्याच हातांनी बाळंतिणी तपासत होते. १८४७ मध्ये त्यानं क्लोरिनच्या पाण्यानं हात धुवायला लावले आणि मृत्यू धडाधड खाली आले. त्याला मात्र कुणी धड मानलं नाही. १८६५ मध्ये तो वेड्यांच्या इस्पितळात जखम चिघळून मेला. हे मी नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, तिकडंही बायकांचंच चुकलं होतं म्हणजे.

वहीत पहिल्या पानावर मॅडमनी सांगितलेली कामं लिहिली. त्यातलं माझ्या वाट्याचं पहिलं काम म्हणजे रक्त. हिमोग्लोबिन या वेळीही साडेनऊच होतं. गोळ्या पोटाला सोसेनात, म्हणून शिरेतून लोहाची इंजेक्शनं घेतली आणि नवव्या महिन्यापर्यंत ११.२ वर आणलं. दुसरं काम साखर. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं, १४० च्या आत हवी. माझी १५२. साखर चढलेली असली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात आणि जखम भरायला वेळ लागतो, हे मॅडमनी सांगितलं, आणि आहाराच्या बाईंकडं पाठवलं. त्यांनी सगळ्यात आधी काय कमी केलं असेल? भात.

सासूबाईंचा चेहरा त्या दिवशी बघण्यासारखा होता. "मी तेव्हाच म्हणत नव्हते?" आता त्यांना कसं समजावणार, की प्रश्न बाळंतपणानंतरच्या वाटीभर भाताचा नाही, नऊ महिन्यांच्या साखरेचा आहे, आणि ती चपातीनं, चिक्कूनं, चहानंही चढते. निम्मा विजय मी त्यांना देऊन टाकला. त्यानंतर माझ्या ताटावर त्यांची जी नजर राहिली, तिनं साखर आटोक्यात ठेवायला औषधाइतकीच मदत केली, हेही वहीत आहे.

नॉर्मलचा प्रयत्न करता येईल का यावरही आम्ही बोललो होतो. पण बाळ शेवटपर्यंत आडवं राहिलं आणि तो प्रश्न आपोआप मिटला. एकोणचाळिसाव्या आठवड्यातला बुधवार ठरला.

आदल्या दिवशी फोन आला, रात्री आणि सकाळी साबणानं स्वच्छ आंघोळ करा, आणि केस अजिबात काढू नका, रेझर, क्रीम काही नको. मला ते दोन ओरखडे आठवले. रेझरनं कातडीला डोळ्यांना न दिसणारे कापे पडतात आणि जंतूंना त्यात घर मिळतं, म्हणून अगदी गरजच असेल तर मशीननं कातरतात, तेही ऐन वेळी. सकाळी सिस्टरनी तेवढ्या पट्टीपुरतं मशीन फिरवलं. न्हाव्याच्या दुकानासारखा आवाज आला आणि दोन मिनिटांत काम संपलं.

ऑपरेशन थिएटर गार होतं. पाठीत इंजेक्शन दिल्यावर कमरेखालचं सगळं परक्याचं झालं. अंगावर गरम पांघरूण घातलं, अंग गार पडलं तर जखमेकडचा रक्तपुरवठा कमी होतो म्हणे. मग एका सिस्टरनी कागदावरून मोठ्यानं विचारायला सुरुवात केली. पेशंटचं नाव? ऑपरेशन कुठलं? कशाची ॲलर्जी? ही यादी जागतिक आरोग्य संघटनेची, २००८ पासूनची. मी त्यातल्या एकाच प्रश्नाची वाट बघत होते.

"अँटिबायोटिक?"

"सेफाझोलिन दोन ग्रॅम, आठ बावीस."

पडद्यामागून मी विचारलं, "मॅडम, आता किती वाजले?" त्या हसल्या. "आठ अडतीस. लिहून ठेवते, वही दाखवा नंतर." चीर आठ एक्कावन्नला दिली. मुलगा आठ अठ्ठावन्नला.

मधल्या वेळात दोन गोष्टी झाल्या. पहिली, लघवीची नळी घातली आणि योनीमार्ग बीटाडीननं पुसून घेतला. वर पोटाला चीर द्यायची तर खालून का पुसतात, हे मी आधीच विचारून ठेवलं होतं. गर्भाशय उघडलं की वरचं आणि खालचं एकच घर, खालचे जंतू पिशवीत चढू नयेत म्हणून. पाणी गेलेल्या बाईला याचा उपयोग अधिक. माझं पाणी गेलेलं असतं तर अझिथ्रोमायसिन नावाचं आणखी एक औषध जोडलं असतं, असंही मॅडम म्हणाल्या होत्या.

दुसरी गोष्ट पोटाला लावायच्या जंतुनाशक औषधाची. स्पिरिटमध्ये मिसळलेलं क्लोरहेक्झिडीन. लावून झालं, शिकाऊ डॉक्टर हिरवं कापड घेऊन पुढं झाला, तशी मॅडमनी त्याला थांबवलं, "सुकू दे आधी." ते औषध सुकेपर्यंतच्या वेळात आपलं काम करतं, आणि ओलं असताना रक्त थांबवायचं विजेचं यंत्र लावलं तर भडकूही शकतं. तीन मिनिटं. त्या खोलीतली सगळी माणसं हात छातीशी धरून तीन मिनिटं नुसती उभी होती. मी मनात एकशेऐंशी मोजले. टाके पिकू नयेत म्हणून कुणी माझ्यासाठी काही केलं असं विचारलं तर मला ती उभी राहिलेली माणसं आठवतात.

बाळ रडलं, दाखवलं, गालाला लावलं. ते वेगळं लिहीन कधीतरी. वार हात घालून न ओढता नाळेला हलका ताण देत सुटू दिली, कारण आत हात जितका कमी जाईल तितकं बरं. मग सिस्टर गॉज मोजायला लागल्या. एक, दोन, तीन. आधी मोजलेले आणि वापरलेले जुळले पाहिजेत. "काउंट करेक्ट," त्या म्हणाल्या आणि मला पतसंस्थेत संध्याकाळी रोकड जुळल्यासारखं हायसं वाटलं. जुना व्रण कापून काढला. माझ्या पोटाची चरबी दोन सेंटिमीटरपेक्षा जाड, म्हणून तिचाही थर वेगळा शिवला. नाहीतर त्या पोकळीत पाणी साठतं आणि जंतूंना आयतं डबकं मिळतं. वरची कातडी विरघळणाऱ्या दोऱ्यानं आतल्या आत शिवली.

संध्याकाळी घरच्यांची सभा भरली. पाच दिवसांच्या गोळ्या कुठायत? मॅडमनी सांगितलं, नाहीत. तो एक डोस पुरेसा आहे, ऑपरेशननंतर औषध लांबवून जास्त फायदा होत नाही, उलट जंतू औषधाला सरावतात. सासूबाईंना ते पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही. मागच्या वेळी सात दिवस गोळ्या खाऊन टाके पिकले होते, हे आठवल्यावरच जरा धीर आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळी काढली आणि चालवलं. अठ्ठेचाळीस तासांनी पट्टी काढून आंघोळीला पाठवलं. टाक्यांना पाणी? मी न्हाणीत पाच मिनिटं तांब्या हातात धरून उभी होते. पाणी वरून वाहू द्यायचं, साबण चोळायचा नाही, वेगळ्या टॉवेलनं टिपायचं. बस. माझी एक चुलतबहीण याच सुमारास सरकारी रुग्णालयात बाळंत झाली होती, सिझरच. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात औषधं, ऑपरेशन, सात दिवसांपर्यंत जेवण, सगळं फुकट. तिला सातव्या दिवशीच सोडलं. आम्ही खासगीवाले तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी पळतो आणि त्यात मोठेपणा मानतो. पण टाके बहुतेक वेळा पिकतात ते घरी गेल्यावर, डॉक्टरांच्या नजरेआड. हिशोब धरतात तो ऑपरेशनपासून तीस दिवसांचा. वहीत मी एक ते तीस आकडे ओळीनं घातले.

खरी लढाई घरीच होती. मॅडमनी सांगितलेलं एक वाक्य मी मोठ्या अक्षरात लिहून कपाटाला चिकटवलं होतं, जखम कोरडी आणि मोकळी. माझं पोट ओघळलेलं, त्याची घडी नेमकी टाक्यांवर पडते. तिथं घाम साठतो, आणि ऊब आणि ओल मिळाल्यावर जंतूंना आणखी काय हवं. म्हणून दिवसातून तीनदा पाठीवर पडायचं, पोट दोन्ही हातांनी वर उचलायचं आणि पंखा लावून दहा मिनिटं नुसतं पडून राहायचं. बाळ झोपलं की मीही छताकडं बघत पडलेली. एरवी घडीत इस्त्री केलेला सुती हातरुमाल, दमट झाला की बदलायचा. नवऱ्याचे चोवीस रुमाल त्या महिन्यात माझे झाले. पावडर नाही, तेल नाही, हळद नाही, कुठलं मलमही नाही.

शेगडीवरून सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी तडजोड झाली, गरम पाण्याची पिशवी फक्त पाठीला. पट्टा बांधायचा तो सैल आणि टाक्यांना सोडून वरच्या बाजूला. मालिशला पुण्यात दुसऱ्या मावशी मिळाल्या. त्यांना पहिल्याच दिवशी म्हटलं, "मावशी, आधी हात धुवा, आणि कमरेखाली पोटाला हात लावायचा नाही." त्यांना राग आला. "चाळीस वर्षं करतीय मी हे." मी त्यांना मागचं सगळं सांगितलं, बावीस ड्रेसिंगसकट. त्यांनी बांगड्या वर सारल्या आणि कोपरापर्यंत हात धुतले. पुढं त्याच बाळ बघायला आलेल्या बायकांना दरडावायच्या, "हात धुतले का? पलंगावर बसू नका." माझं ऐकलं नसतं त्यांनी मावशींचं ऐकलं.

नवरा रोज रात्री आठला, त्याच दिव्याखाली टाक्यांचा फोटो काढायचा. सुरुवातीला दोघांनाही लाज वाटली. चौथ्या दिवसापासून तो विजेचं मीटर वाचल्यासारखं करायला लागला. डाव्या टोकाला थोडी लाली होती, तिच्याभोवती बॉलपेननं रेघ मारली. लाली रेघेबाहेर गेली तर फोन करायचा. ताप १००.४ च्या वर गेला, टाके उसवले, पू किंवा वास आला, ओटीपोटात दुखायला लागलं, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास आला, तर फोन न करता थेट निघायचं.

सहाव्या रात्री रुमाल ओला निघाला. रुपयाएवढा डाग.

मी आरडाओरडा केला नाही. नुसती बसून राहिले. पाच वर्षांपूर्वीची पहाट, तो परकर, तो वास सगळं परत आलं. पहिला विचार काय आला असेल? संध्याकाळी दोन घास भात जास्त खाल्ला होता. इतकं वाचून, इतकं लिहूनही, अंधारात पहिला विचार तोच.

नवऱ्यानं दिवा लावला, रुमाल हुंगला. तोंड वाकडं न करता म्हणाला, "वास नाही." ताप ९८.४. डागाचा रंग फिका गुलाबी, पाण्यासारखा. लाली रेघेच्या आतच. फोटो पाठवला. मॅडमचं उत्तर सकाळी सहाला आलं, नऊला या. त्यांनी दाबून बघितलं, थोडं स्वच्छ पाणी आलं. चरबीच्या थरात साठलेला द्रव, पू नाही. टाका उघडायची गरज नाही, गॉज ठेवा, बदलत राहा, वाढलं किंवा रंग बदलला तर या. तीन दिवसांत थांबलं. त्या तीन दिवसांत वहीत दर चार तासांची नोंद आहे. आठव्या दिवशी शेवटची, "डाग नाही."

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, काय म्हणाली डॉक्टरीण? मी म्हटलं, पू नाही. त्या देवापुढं जाऊन आल्या. दुपारी माझ्या ताटात मोजून अर्धी वाटी भात होता, साखरेच्या हिशोबातला. वर तूप. काही बोलल्या नाहीत.

नंतरची पानं रटाळ आहेत. बारावा दिवस, कोरडं. पंधरावा, कोरडं, खाज. एकोणिसावा, मावशी आल्या नाहीत. तेविसावा, साखर जेवणानंतर ११८. सव्विसाव्या दिवशी नवरा फोटो काढायला विसरला आणि आमचं भांडण झालं. तिसाव्या दिवशी मी आकड्याला गोल करून ठेवला, नीट लिहीन म्हणून. एकतिसाव्या दिवशी मोठीला ताप आला, रात्रभर तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या. वही त्यानंतर मी पुन्हा उघडली ती थेट बारशाच्या खर्चाला.